डिकीतला गाळ

'सेडान' हा शब्द आमच्या भागात फार उशिरा आला. त्याआधी लोक तिला 'डिकीची गाडी' म्हणत. पुढं इंजिन, मधे माणसं आणि मागं सामानाची वेगळी पेटी, अशी तीन खणांची मोटार. लग्नाची वरात निघायची ती डिकीच्या गाडीतून, साखर कारखान्याचे चेअरमन उतरायचे ते डिकीच्या गाडीतून, आणि बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं तर गावात कुणाकडं डिकीची गाडी आहे याची चौकशी व्हायची. ती नवी की जुनी, हे मात्र कुणी विचारत नसे. कारण जवळजवळ सगळ्या जुन्याच असत. आमच्या सातारा-सांगलीच्या रस्त्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या हातच्या गाड्यांचा इतिहास आहे. तो कुणी लिहिलेला नाही. आरसी बुकांच्या मागच्या पानांवर तो सापडतो.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्याचं कारण आहे. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर आजच्या सांगली जिल्ह्याची मांडणी झाली, तेव्हा त्याचं नाव होतं 'दक्षिण सातारा'. सांगली हे नाव १९६० साली मिळालं. नाव बदललं, तरी नदी आणि रस्ता तोच राहिला. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, कराडला कोयनेला भेटते आणि मग सांगलीच्या घाटाला लागते. गाड्याही तशाच वरून खाली वाहत येत. पुण्या-मुंबईत वापरून झालेली मोटार आधी साताऱ्यात दिसे, काही वर्षांनी कराडला, मग विट्या-जतला. जतमध्ये ती थांबली की समजावं, आता ती आणखी कुठं जाणार नाही.

मोटारधंद्याशी आपलं नातं तसं जवळचं. ज्यांनी देशात मोटारी तयार करण्याचा ध्यास घेतला ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच १९४७ साली सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं आणि पुढं त्याला वालचंदांचंच नाव लागलं. पन्नाशीच्या दशकात प्रीमियरनं इटलीच्या फियाटची अकराशे सीसीची गाडी इथं बनवायला घेतली. तिची नावं बदलत गेली आणि १९७४ च्या सुमारास ती 'पद्मिनी' झाली. दुसरीकडं कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसिडर. या दोन गाड्यांनी तीन-साडेतीन दशकं काढली. तिसरी म्हणावी तर दक्षिणेतली स्टँडर्ड.

त्या काळात नवी गाडी दुकानात जाऊन घ्यायची गोष्ट नव्हती. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. परवाने सरकारच्या हातात, उत्पादन मोजकं, मागणी भरपूर. स्कूटरचीही तीच गत. साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना सत्तरीच्या दशकात उभा राहिला, तिथं 'प्रिया' बनू लागली, तरी साताऱ्याच्या माणसाला नंबर चुकला नाही. याचा परिणाम असा झाला की वापरलेली गाडी नव्या गाडीच्या किमतीला, प्रसंगी तिच्याहून जास्त भावानं जायची. तुम्ही गाडीचे नव्हे, न थांबण्याचे पैसे मोजत होता.

अशा बाजारात तपासणार काय? गाडी मिळतेय हेच नशीब. तेव्हाचे लोक गाडी बघत नसत, माणूस बघत. कुणाची गाडी, ड्रायव्हर कोण होता, उसाच्या शेतात नेत होते की फक्त तालुक्याला, हे विचारत. विकणाऱ्याचं घराणं माहीत असे आणि उद्या तो बाजारात भेटणारच असे. ही पद्धत वाईट नव्हती. तिच्यात एकच दोष होता, की गाडी तीन हात फिरली की पहिल्या माणसाची ओळख पुसली जायची.

खरी तपासणी चालायची ती मिस्त्रीच्या दारात. माझे मामू साताऱ्यात मिस्त्री होते. फियाट आणि ॲम्बेसिडर, बाकी काही हातात घेत नसत. सुट्टीत मी त्यांच्याकडं जायचो, पाने पुसून हातात द्यायचं काम माझ्याकडं असायचं. गिऱ्हाईक जुनी गाडी दाखवायला घेऊन आलं की मामू आधी काही बोलत नसत. बॉनेटवर नुसता तळहात ठेवत. गरम लागलं तर गाडीवाल्याला म्हणत, चहा घ्या, गार होऊ दे. मला तेव्हा वाटायचं हा पाहुणचार आहे. पुढं कळलं की ज्या गाडीला सकाळी गार असताना सुरू व्हायला त्रास होतो, ती विकणारा घरून गरम करूनच आणतो. गार इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन सांगत नाही.

मग पहिली किल्ली. त्या वेळी मामू पुढं नसत, मागं सायलेन्सरपाशी उकिडवे बसलेले असत. निळसर धूर आला आणि येतच राहिला तर इंजिन ऑइल खातंय, म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्व्हची सिलं गेली. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, तो दुरुस्त होतो. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ येतोच, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर पाणी आत शिरतंय. मग ऑइलचं झाकण उघडायचं. झाकणाच्या आत चहाच्या सायीसारखा थर दिसला की बहुधा हेड गॅस्केट गेलेलं. ऑइल भरायच्या तोंडाशी इंजिन चालू असताना वाफेचे फुत्कार येत असले तर ते दमलेलं. हे सगळं ते पाच-सात मिनिटांत उरकत.

पत्र्याला ते जास्त वेळ देत. रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक त्यांच्या खिशात असायचं. ते दारावरून, मडगार्डवरून फिरवायचं. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्यावर लांबी भरलेली, वर रंग मारलेला. दारांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत का. रंग कुणीही मारतं, पण बोल्टाच्या कडेचा उडालेला रंग लपवायचं सुचत नाही. काचांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कंपनीची खूण आणि वर्षाचा संकेत असतो. पाच काचा एका सालच्या आणि एकच वेगळी, तर ती का बदलली हे विचारायचं. दगड लागला असेल. गाडी उलटलीही असेल.

शेवटी यवतेश्वरचा घाट. साताऱ्याच्या मिस्त्रींना देवानं दिलेली ही देणगी. चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून दाबली, इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, म्हणजे क्लच संपला. उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतात का, तेही समजतं. सांगलीत हे समजत नाही. सांगली ते मिरज सगळं सपाट, तिथं मेलेला क्लचही दोन वर्षं चालतो. म्हणून मामू म्हणायचे, सांगलीची गाडी साताऱ्यात तपासावी. साताऱ्याची गाडी सांगलीत का तपासावी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मला २००६ साली समजलं.

मधल्या काळात बाजार पालटला होता. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. तिला डिकी नावालाच. पण १९९० मध्ये मारुती १०००, १९९४ मध्ये एस्टीम आली, आणि उदारीकरणानंतर सिएलो, सिटी, ॲक्सेंट अशी नावं आमच्या तोंडी रुळली. पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबलं, ॲम्बेसिडरचं २०१४ मध्ये. नवी गाडी हप्त्यावर मिळू लागली तशी जुनी स्वस्त झाली, मुबलक झाली आणि अनोळखी झाली. विकणारा आता गावातला राहिला नाही, मधे एजंट आला. २००१ मध्ये मारुतीनं स्वतःच जुन्या गाड्यांची दुकानं काढली. आमच्याकडं मात्र रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडांचंच राज्य बराच काळ टिकलं. तिथं एक वाक्य हमखास कानावर येई : "साहेब, मिरजेच्या डॉक्टरांची गाडी आहे, एक हाती." मिरज ही दवाखान्यांची पेठ, डॉक्टर पुष्कळ, हे खरं. पण मी जेवढ्या गाड्या डॉक्टरांच्या म्हणून पाहिल्या, तेवढ्या खऱ्या असत्या तर तिथला एकेक डॉक्टर दर तीन महिन्यांनी गाडी बदलत असला पाहिजे.

आणि मग २००५ चा पूर. २६ जुलैला मुंबई बुडाली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना आठवतं. त्याच दिवसांत कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलापाशी ५३ फुटांची खूण ओलांडली, हे सांगलीबाहेर कमी लोकांना आठवतं. १९२९ मध्ये बांधलेला हा पूल आमची मोजपट्टी आहे. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. पाणी चढलं की माणसं, म्हशी, गहू-तांदूळ आधी हलवतात, गाडी शेवटी. पुष्कळदा ती तिथंच राहते.

पुरात उभी राहिलेली गाडी मरत नाही, हीच तिची अडचण आहे. ती धुतली की चकचकीत होते. घाईनं किल्ली फिरवली तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, पण जाणत्यानं आधी पाणी काढलं, ऑइल बदललं तर ती सुरू होते. जुन्या पद्मिनीत विजेच्या तारा मोजक्या, ती वाळवून परत उभी करता येई. नव्या गाडीत डॅशबोर्डखाली संगणकाच्या पेट्या आणि तारांचं जाळं. त्या तारांच्या जोडांत ओल राहते, तांब्यावर हिरवा गंज धरतो आणि चार-सहा महिन्यांनी एक-एक गोष्ट बंद पडत जाते. तोवर विमा कंपनीनं 'पूर्ण नुकसान' म्हणून लिलावात काढलेली गाडी दोन हात फिरलेली असते.

२००६ च्या सुरुवातीला मी अशी एक घेतली. नंबर पुण्याचा, एमएच-१२, म्हणून निर्धास्त होतो. नंबर गाडीची नोंदणी कुठली ते सांगतो, पावसाळ्यात ती कुठं उभी होती ते सांगत नाही, एवढी साधी गोष्ट बी.ए. झालेल्या माणसाला सुचली नाही. मामूंना विचारलंही नाही. आपण आता शिकलेले, मिस्त्रीला काय विचारायचं, हा त्यात थोडा भाग होता, कबूल करतो. आईला तपासणीसाठी पुण्याला नेत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून उताराच्या वळणावर आलो आणि गाडीचे सगळे दिवे एकदम गेले. पहाटेची साडेचारची वेळ, मागं ट्रक. मी गाडी कशीबशी कडेला घेतली. मागच्या सीटवर आई कलमा पुटपुटत होती, तो आवाज अजून कानात आहे.

गाडी ओढत साताऱ्याला आणली. मामूंनी तेव्हा काम सोडलं होतं, हात कापायचे. खुर्चीत बसूनच त्यांनी विचारलं, "कार्पेट उचल के देख्या क्या रे?" त्यांनी पोराला सांगून चार स्क्रू काढायला लावले. कार्पेटखालचा फोम ओलसर. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, तर जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो त्यावर मातकट रेघ. डिकीतलं स्टेपनीचं चाक उचललं, त्याखालच्या खोबणीत बोटभर वाळलेला गाळ. तळहातावर घेऊन मामूंनी तो चुरडला. साताऱ्याची माती अशी नसते, म्हणाले. हा काळा, मऊ, मळीचा गाळ सांगलीचाच. पुण्याच्या नंबरची ती गाडी मालकानं कुठल्याशा नातलगाकडं ठेवली असावी. ज्यानं विकली त्यानं मला काहीच खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं.

कायदाही त्याच्या बाजूनं उभा राहतो, निदान पहिल्या पावलाला. १९३० चा माल विक्रीचा कायदा इंग्रजांच्या जुन्या तत्त्वावर उभा आहे, घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. त्याला अपवाद आहेत, मुद्दाम फसवलं तर दाद मागता येते, १९८६ पासून ग्राहक मंचही आले. पण रस्त्याकडेला दोन खासगी माणसांत झालेल्या व्यवहारात फसवणूक सिद्ध करायची म्हणजे गाळाचा पंचनामा करावा लागेल.

आमच्या घरात दुसरी एक गोष्ट लहानपणापासून सांगितली जाई. पैगंबर साहेबांनी बाजारात धान्याच्या एका राशीत हात घातला. वरून कोरडी, आत ओल. व्यापारी म्हणाला, पावसानं भिजलं. तर मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. ही गोष्ट मला पाठ होती. तरीही सहा महिन्यांनी, वायरिंगवर बरेच पैसे घालून गाडी पुन्हा चालती झाली तेव्हा, कोरेगावकडचे एक शिक्षक ती बघायला आले आणि मी काही बोललो नाही. ते रंग बघत होते, टेप लावून बघत होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की वायरिंग नवीन आहे. खोटं नव्हतं ते. मामू दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी शिक्षकांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "गुरुजी, डिकीतली स्टेपनी उचलून बघा." गाळ मी काढला होता, पण खोबणीतला गंज कसा काढणार? गुरुजींनी चाळीस हजार कमी केले आणि गाडी नेली. मी मामूंशी ईदपर्यंत बोललो नाही.

गुरुजी मात्र शहाणे. त्यांनी टीटी फॉर्मवर माझी सही घेऊन तो घडी करून खिशात ठेवला नाही, जसं त्या काळी सर्रास चाले. कोऱ्या फॉर्मवर सही, मग गाडी चार हातांतून फिरणार आणि आरसीवर नाव पहिल्याचंच. ते स्वतः आरटीओत गेले. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं. फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असला तर बँकेच्या सहीचा ३५, दुसऱ्या राज्यातली असली तर २८ नंबरची ना-हरकत. हे आकडे रुक्ष वाटतील, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी पूर्वीच विकलेली असली तरी कागदावर ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अशी अनेक हातांत गेली होती. म्हणजे तपासणी विकणाऱ्यालाही चुकलेली नाही. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परवान्याचा नियम आणला, गाडी त्यांच्या ताब्यात गेल्याची नोंद करण्याची सोय झाली. विम्याचंही वेगळं बघावं लागतं. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर जातो, स्वतःच्या गाडीचा आपोआप जात नाही, १४ दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. आणि विम्याच्या कागदावर 'नो क्लेम बोनस' शून्य दिसला, तर मागं काय क्लेम झाला ते विचारायचं. गाळ धुता येतो, तो आकडा धुता येत नाही.

सांगलीच्या पूर्वेची तऱ्हा आणखी निराळी. खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेले. यात्रेला, दिवाळीला ते गावी येतात तेव्हा विट्याच्या रस्त्यावर तमिळनाडू, केरळ, पंजाब, बंगालचे नंबर दिसतात. त्यातल्या काही गाड्या परत जात नाहीत. त्या चांगल्या असतात, निगा राखलेल्या असतात. पण स्वस्त का, तर इथला रोड टॅक्स भरायचा असतो आणि त्या राज्याची ना-हरकत आणायची असते. दिल्लीच्या गाड्यांचंही तसंच. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना तिथं २०१५ मध्ये हरित लवादानं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रस्ता बंद केला, तेव्हा दक्षिणेकडं त्यांचा ओघ लागला. भाव ऐकून माणूस भुलतो, आणि कागद करता करता भाव बरोबरीला येतो.

मीटरवर माझा कधीच विश्वास नव्हता. जुन्या मीटरची केबल काढून उलटी फिरवत, आताच्या डिजिटल मीटरमधला आकडा यंत्र लावून बदलतात. त्यापेक्षा ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड आणि ड्रायव्हरच्या सीटचा खचलेला कोपरा बघावा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही. नव्या गाडीत आणखी एक गोष्ट : किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड, आणि लागलाच नाही तर कुणीतरी तो दिवाच बंद केलाय.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. २००५ च्या खुणा बुडाल्या. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्यापुढं मोटारींचं काय बोलायचं. पण ज्यांनी २००५ च्या रेघेवर भरवसा ठेवून आपापल्या गाड्या 'इथवर येत नाही' अशा जागी लावल्या होत्या, त्यांच्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर चढलं. त्या वर्षी लोक शहाणे झाले होते, गाड्यांच्या रांगा आधीच उंचावरच्या रस्त्यांवर लागल्या.

२०१९ मध्ये ज्या गाड्या नव्या होत्या, त्या आता बरोबर जुन्या बाजारात यायच्या वयाच्या आहेत. त्या धुतल्या, वाळवल्या गेल्या, काही दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. सगळ्याच वाईट आहेत असं नाही, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अख्खं वायरिंग बदललेल्याही आहेत, आणि त्यांची बिलं असतात. ती मागावीत. मामू आता नाहीत. कोरेगावच्या गुरुजींनी ती गाडी नऊ वर्षं चालवली, दरवर्षी पावसाळ्याआधी तारांचे जोड उघडून साफ करून घेत, असं त्यांनीच मला एकदा साताऱ्याच्या स्टँडवर सांगितलं. भंगारात घातली तेव्हा स्टेपनीची खोबणी मात्र गळून पडली होती.